वीस शिट्यांचा जीव

वर्तमानपत्रात 'दुरुस्ती' नावाची एक लहानशी चौकट असते. 'कालच्या अंकात अमुक छापले गेले, त्याऐवजी तमुक वाचावे.' वाचक ती वाचत नाहीत. ज्याच्यामुळे ती छापावी लागते तो बातमीदार मात्र ती आठवडाभर वाचत राहतो. पारनेरहून नगरच्या दैनिकाला बातम्या पाठवण्याच्या माझ्या सतरा वर्षांत माझ्यापायी अशी एकही चौकट छापली गेली नव्हती. हा लौकिक रविवार, २० फेब्रुवारी १९७२ रोजी संध्याकाळी पाच वाजून एकोणीस मिनिटांनी धोक्यात आला. वेळ अचूक आहे. माझ्या हातात घड्याळ होते आणि तोंडात शिटी होती.

सुरुवात चिंचोक्यांपासून झाली.

माझा मित्र राधाकृष्ण राहुरीच्या कृषी विद्यापीठात शिकवतो. दिवाळीत तो एक परदेशी मासिक घेऊन आला. त्यात एका गणितज्ञाने काढलेला खेळ होता. खेळ असा की त्याला खेळाडूच लागत नाहीत. चौकटींचा कागद घ्यायचा. प्रत्येक चौकट एक तर जिवंत, नाही तर मेलेली. प्रत्येकीला आजूबाजूचे मिळून आठ शेजारी. जिवंत चौकटीला दोन किंवा तीन जिवंत शेजारी असतील तर ती जगते. कमी असतील तर एकटेपणाने मरते, जास्त असतील तर गर्दीने मरते. मेलेल्या चौकटीला नेमके तीन जिवंत शेजारी लाभले की ती जन्म घेते. नियम संपले. एवढ्या नियमांवर परदेशातली मोठमोठी यंत्रे रात्रंदिवस चालवून लोक म्हणे कृत्रिम जीव तयार करत होते आणि ते जीव पुढे काय करतात ते बघत होते.

मी स्वयंपाकघराच्या फरशीवर खडूने चौकटी आखल्या आणि मासिकात दाखवल्याप्रमाणे पाच चिंचोके मांडले. नियमाप्रमाणे दोन उचलले, दुसरीकडे दोन ठेवले. पुन्हा दोन उचलले, दोन ठेवले. चौथ्या खेपेला पाहतो तर मूळचीच आकृती, पण एक घर तिरपी पुढे सरकलेली! आणखी चार खेपा, आणखी एक घर. चिंचोका एकही सरकवला नव्हता. फक्त मेलेला उचलला होता आणि जन्मलेला ठेवला होता. तरी आकृती चालत होती.

"चालली!" मी ओरडलो.

माझी बायको पुष्पावती पोळपाट टाकून धावत आली. "कोण चालली? विंचू आहे का?"

"आकृती चालली! आपली आपण!"

तिने फरशीकडे पाहिले, मग माझ्या हाताकडे. "तुम्हीच तर सरकवताय. आणि ते चिंचोके मी शेजारी द्यायला ठेवलेत."

तिचा पहिला आक्षेप माझ्या मनाला लागला, कारण त्यात तथ्य होते. जोवर चिंचोके मी हलवत होतो तोवर तो माझा खेळ होता, जीव नव्हता. प्रत्येक चौकटीने स्वतःचे स्वतः मोजून स्वतः जगायला-मरायला हवे होते. म्हणजे यंत्र हवे. राधाकृष्णने पुण्याच्या एका ओळखीच्या साहेबांना पत्र घातले. साहेबांनी सात आठवड्यांनी कळवले की, त्यांच्या कार्यालयातला कॉम्प्युटर महत्त्वाच्या कामांसाठी असून हौशी जीव निर्माण करण्यासाठी तो देण्याची तरतूद नाही.

पत्र मी दोनदा वाचले आणि मला एकदम सुचले. यंत्र तरी काय करते? सांगितले तेवढेच करते, सांगितले तेव्हाच करते आणि सगळे भाग एकदम करतात. त्यासाठी पुणे कशाला? पारनेरात माणसे आहेत!

या विचारातली चूक कळायला मला तीन आठवडे लागले.

आमच्या वाचनालयाचे चिटणीस काकासाहेब हे तहसील कचेरीतून निवृत्त झालेले अव्वल कारकून. वाचनालयाच्या वर्धापनदिनाला दरसाल 'वाचनाचे महत्त्व' या विषयावर व्याख्यान होते आणि दरसाल श्रोते कमी होतात. माझी कल्पना ऐकून त्यांनी बोटांवर हिशेब केला. मग म्हणाले, "चौसष्ट माणसं. आठाच्या आठ रांगा. उभा तो जिवंत, बसलेला मेला. बोलायचं कुणी नाही?"

"कुणी नाही."

"मग करू. चौसष्ट माणसं एका जागी न बोलता बसलेली मी सबंध नोकरीत पाहिली नाहीत."

अडचण परवान्याची आली. विधानसभेची निवडणूक तोंडावर होती. मैदानाच्या अर्जावर 'कार्यक्रमाचा प्रकार' असा रकाना होता आणि पुढे नाटक, तमाशा, भजन, कुस्ती व सभा असे पाच पर्याय होते. कचेरीतला कारकून म्हणाला, "आकृती चालणार म्हणता. कुठल्या पक्षाची निशाणी?" मी कागदावर पाच टिंबे काढून दाखवली. त्याने कागद उलटा करून पाहिला, उजेडासमोर धरून पाहिला आणि चौकशीसाठी ठाण्यावर पाठवला. दुसऱ्या दिवशी हवालदार सहादेव घरी आले.

"अर्जात जन्म-मृत्यू असं लिवलंय. मरनार किती?"

"दर शिटीला दोन."

त्यांनी वही काढली. "आनि जन्मनार?"

"तेही दोनच."

"म्हंजी गावात फरक काय न्हाई पडत." त्यांनी वही मिटली. "मग 'कुस्ती' लिवून टाका. कुस्तीला कोन इचारीत न्हाई."

अशा रीतीने आमच्या कृत्रिम जीवाला कुस्तीचा परवाना मिळाला. गावाबाहेरच्या मोठ्या खळ्यावर पांढऱ्या फक्कीने चौसष्ट घरे आखली. मी एक सूचनापत्रक लिहून त्याच्या प्रती काढल्या. मासिकातल्या भाषेत सांगायचे तर तोच माझा प्रोग्राम. आखूड शिटी झाली की उभे असलेले शेजारी मनात मोजा. लांब शिटी झाली की नियमाप्रमाणे उठा किंवा बसा. दोन्ही मिळून शिटी एकच धरा. मधे कुणाकडे बघून मत बदलू नका. जागा काकासाहेबांनी मतदार यादीवरून, घरक्रमाने दिल्या, म्हणजे कुरकुर नको. डाव्या चार उभ्या ओळी बायकांच्या, उजव्या चार पुरुषांच्या. डाव्या कोपऱ्यातून निघालेली आकृती वीस शिट्यांत उजव्या टोकाच्या शेवटच्या चौकटीपर्यंत पोचणार, असा माझा तक्ता सांगत होता.

पहिल्या तालमीत मेलेली माणसे घरी निघून गेली. "आमचं काम झालं," असे त्यांचे म्हणणे. त्यांना समजावले की मेलेल्या माणसाने जागा सोडली तर पुढे जन्मणार कोण? दुसऱ्या तालमीत दुसऱ्या रांगेतली एक बाई मरायला तयार होईना. तिच्या माहेरची माणसे बघत होती. शिवाय काठावर सल्लागार जमू लागले. एकाचे म्हणणे, शिटीऐवजी ताशा लावा, म्हणजे मरणाऱ्याला हुरूप येईल. दुसऱ्याचे म्हणणे, सगळ्यांना एकदाच उभे करा आणि राष्ट्रगीत घ्या, वेळ वाचेल.

तरी गंमत अशी की लोकांना गोडी लागली. भाजी घेताना बायका एकमेकींना विचारू लागल्या, "तू कितव्याला मरतीस?" चौथ्या तालमीला पहिल्या पाच शिट्या अचूक झाल्या. पाच माणसांचा तो जीव बायकांच्या रांगांतून तिरपा निघाला, आणि माझ्या अंगावर अक्षरशः काटा आला. कुणी जागचे हलत नव्हते आणि तो चालत होता! मग सहाव्या शिटीला काहीतरी बिनसले आणि नवव्या शिटीला मैदानावर एकही माणूस उभा नव्हता. चौसष्टच्या चौसष्ट मेलेले.

पाचवी तालीम, तीच गत. सहावी, तीच. दर वेळी सहाव्याला बिनसायचे आणि नवव्याला सगळे संपायचे. चूक दर वेळी वेगळी असती तर मी माणसांना दोष दिला असता. पण चूक इतकी नेमाने होत होती की दोष माझ्या प्रोग्रामातच असणार. मुद्रिते तपासतात तसा मी तक्ता चौकटी-चौकटीने तपासला. तक्ता बरोबर होता. मग सातव्या तालमीला मी मैदानात शिरलो आणि सहाव्या शिटीला पाचव्या रांगेतल्या चौथ्या घरापाशी थांबलो. तिथे राहीबाई बसली होती.

"राहीबाई, उठायचं होतं तुम्ही."

"का म्हनून? तीन लागत्यात ना? दोनच हायेत की."

"तीन आहेत. पुढच्या रांगेत दोघी आणि तुमच्या डाव्या हाताला छबूबाई."

राहीबाईने डावीकडे पाहिले. हातभर अंतरावर छबूबाई चांगली उभी होती आणि आभाळाकडे बघत होती.

"माझ्या डाव्या हाताला कोनी न्हाई," राहीबाई म्हणाली.

आजूबाजूच्या बायकांनी तोंडाला पदर लावले. मैदानात हे ठाऊक नसलेला मी एकटाच होतो, आणि बातमीदार मीच. राहीबाई आणि छबूबाई सख्ख्या जावा. नऊ वर्षांपूर्वी घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा पंचांनी सगळे इतके काटेकोर अर्धे-अर्धे केले की पाटा राहीबाईकडे गेला आणि वरवंटा छबूबाईकडे. कोणीच आपला अर्धा सोडला नाही. दोघींनी उरलेला अर्धा नवा आणला, पण बोलणे बंद झाले ते झालेच. निरोप द्यायचा झाला तर त्या मधल्या भिंतीला सांगत. आणि आमच्या मतदार यादीत घर अजून एकच असल्याने काकासाहेबांनी दोघींना शेजारी बसवले होते.

म्हणजे प्रोग्राम बरोबर होता. फक्त 'शेजारी' म्हणजे काय ते मी लिहिलेच नव्हते.

मी राहीबाईला दुसरी जागा देऊ केली. "मी का हालू? हालायचं त्यानं हालावं." छबूबाईला विचारले. "मला कोन हालीवतंय बघतेच!" काकासाहेबांनी कायदा सांगितला की एकदा दिलेला क्रम बदलला तर सगळेच अर्ज करतील. दोन दिवस सबंध आळीने सल्ले दिले. दोघींच्या मधे रकाना सोडा, दोघींना एकमेकींकडे पाठ करून बसवा, नऊ वर्षांत मिटले नाही ते तुमच्या शिटीने कसे मिटेल, वगैरे. शेवटी तोड काढली ती पुष्पावतीने. ती राहीबाईकडे पापड लाटायला गेली आणि परत येऊन म्हणाली, "झालं. ती छबूबाईला मोजणार नाही. छबूबाईचं लुगडं मोजेल."

"लुगडं?"

"उभं असलेलं लुगडं. आत कोण आहे याच्याशी तिला कर्तव्य नाही."

शनिवारच्या तालमीत राहीबाईने डावीकडे न बघता लुगडे मोजले आणि सहाव्या शिटीला ती उठली! मी आनंदाने सातवी जरा जास्तच जोरात फुंकली. आठवीही झाली. तेवढ्यात एका उमेदवाराची जीप कर्ण्यावर घोषणा देत थेट खळ्यातून गेली, घरे पुसली आणि तालीम मोडली. नववी शिटी कुणी पाहिलीच नाही. पण मला चिंता नव्हती. चूक सापडली होती.

इथे धंद्याची एक गोष्ट सांगणे भाग आहे. कार्यक्रम रविवारी पाचचा. नगरला बातमीचे पाकीट नेणारी एसटी सव्वाचारची. त्या एसटीने पाकीट गेले नाही तर सोमवारच्या अंकात बातमी नाही. अशा वेळी प्रत्येक तालुक्याचा बातमीदार जे करतो तेच मी केले. चार वाजता घरी बसून झालेल्या कार्यक्रमाची बातमी लिहिली. गटविकास अधिकारी अध्यक्षस्थानी होते, त्यांनी संयोजकांचे कौतुक केले, चौसष्ट नागरिकांनी साकारलेल्या जीवाने विसाव्या शिटीला मैदान पार केले आणि शेवटच्या चौकटीतील शिंपी श्रीमंत हे उठून उभे राहताच टाळ्यांचा कडकडाट झाला. पाकीट कंडक्टरच्या हातात दिले आणि मैदानावर गेलो. आता फक्त बातमीप्रमाणे घडायचे बाकी होते.

अडीचशे माणसे जमली होती. गटविकास अधिकारी साहेब आले. पाच वाजून दहा मिनिटांनी मी पहिली शिटी दिली. पहिली, दुसरी, तिसरी. पाच माणसे उभी, बाकी सगळी बसलेली, आणि त्या पाचांचा जीव पावले टाकत निघाला. चौथ्या शिटीला तो एक घर पुढे गेला तेव्हा गर्दीतून "आयला!" असा एकच उद्गार निघाला. साहेब खुर्चीच्या कडेवर आले. सहावी. राहीबाईने लुगडे मोजले, राहीबाई उठली. सातवी. आठवी. बायकांच्या बाजूचा जीव पुरुषांच्या बाजूला शिरू लागला. लोक पुढे सरकले. माझे हृदय इतके उडत होते की शिटी आपोआप वाजेल असे वाटत होते. नववी दिली.

नवव्या शिटीला तक्त्याप्रमाणे छबूबाई मरायची होती. तिचा जिवंत शेजारी एकच उरला होता. एक शेजारी म्हणजे एकटेपण. छबूबाईने नीट मोजले आणि ती खाली बसू लागली.

"ए, का बसतीस?" राहीबाई म्हणाली.

सगळ्या खळ्याने माना वळवल्या. नऊ वर्षांत हा पहिला शब्द होता.

"एकटी पडले म्हनून," छबूबाई खाली बघत म्हणाली. "नियमच हाय तसा."

"एकटी कशी? मी काय मेले व्हय?" राहीबाईने तिचा दंड धरला. "मी उभी हाय ना हितं?"

"एक धरत न्हाईत. दोन लागत्यात."

"कोन म्हनतंय?" राहीबाई माझ्याकडे वळली. "भाऊ, ह्यो कसला नियम? शेजारी सख्खी जाऊ उभी आसताना बाई एकटी कशी मरंल? उठ गं, छबे. न्हाई बसायचं!"

मी कर्ण्यातून "बोलू नका, बोलू नका" असे सांगत होतो, पण छबूबाईने रडायला सुरुवात केली होती आणि राहीबाईने तिला पोटाशी धरले होते. ते पाहायला पाचव्या रांगेतल्या बायका उठल्या. मग सहाव्या. मग पुरुषांच्या बाजूला "काय झालं, काय झालं" करत सगळेच उठले. पाच एकोणीसला मैदानात चौसष्टच्या चौसष्ट माणसे जिवंत उभी होती. नियमाप्रमाणे यातली बहुतेक गर्दीने मरायला हवी होती. मरायचे कुणाच्या मनातही नव्हते.

साहेबांनी डोळे पुसले आणि भाषणात सांगितले की शेवट फार हृद्य बसवला आहे.

मी पोस्टाकडे पळालो. ट्रंक कॉल लागायला पावणेदोन तास गेले. पलीकडून सांगितले की तालुक्याचे पान मशीनवर गेले आहे आणि कुस्तीची बातमी छान वठली आहे.

सोमवारी सकाळी पहिल्या एसटीने अंक आला. पाठोपाठ श्रीमंत शिंपी आले. हातात अंक, चेहरा गंभीर. "पेपरवाले, मी उठून उभा राहिलो म्हून छापलंय. टाळ्या बी झाल्या म्हनं. मी तर तवा समद्यांसंगं उठून मागं पान खात हुबा हुतो. पावनं इचारत्याल, तर काय सांगू?"

मी त्यांना दुरुस्तीचा मसुदा दाखवला. सतरा वर्षांतला पहिला. 'मैदान पार केले' ऐवजी 'मैदानाच्या मध्यावर मोडला' असे वाचावे. श्रीमंतांनी तो वाचला, घडी केली आणि परत दिला. "ह्ये नका छापू. माझं नाव पयल्यांदा आलंय."

तेवढ्यात राहीबाई आणि छबूबाई आल्या. एकत्र. गावाने दार अडवून पाहावे असा तो देखावा होता. "भाऊ, आमच्यापायी तुमचं खोटं पडलं म्हनं?" छबूबाईने विचारले.

मी तक्ता काढला आणि दोघींच्या पुढे ठेवला. "राहीबाई, तुम्ही एक शिटी थांबायला हवं होतं. छबूबाई नवव्याला मरतात, पण दहाव्याला परत उठतात. तीन शेजारी मिळतात त्यांना. त्या तिघांत एक तुम्ही."

राहीबाईने तक्त्यावर बोट ठेवले. "म्हंजी एका शिटीचंच मरन हुतं?"

"एकाच शिटीचं."

"मग आधी सांगायचं न्हाई का?" ती तक्ता पुन्हा बघू लागली. "आन् दहाव्याला मला बी फुली मारलीय ती?"

"तुम्ही मरता. चार शेजारी होतात. गर्दीने."

"गर्दीनं व्हय!" राहीबाईचा चेहरा खुलला. "मग चालंल. गर्दीनं मेलेलं चालंल मला."

त्याच संध्याकाळी साडेपाचला आम्ही सगळे चौसष्ट पुन्हा खळ्यावर जमलो. साहेब नव्हते, कर्णा नव्हता, परवानाही नव्हता. हवालदार सहादेव काठावर पाठ करून उभे राहिले, म्हणजे त्यांनी काही पाहिले नाही. मी पहिली शिटी दिली. आठव्यापर्यंत कुणी श्वासही मोठा घेतला नाही. नववीला छबूबाई बसली. राहीबाईने उभ्या उभ्या तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिले, लवकर फुंक अशा नजरेने. दहावी! छबूबाई उठली, राहीबाई बसली. जीव पुरुषांच्या रांगांत शिरला. बारा. पंधरा. काकासाहेब तोंडाने आकडे मोजत होते, अठरा, एकोणीस, आणि विसाव्या शिटीला शेवटच्या कोपऱ्यातल्या चौकटीत श्रीमंत शिंपी टोपी सारखी करत उठून उभे राहिले.

टाळ्यांचा कडकडाट झाला. तो बातमीत होताच, पण मी असा कधी ऐकला नव्हता.

दुरुस्तीचा मसुदा मी तिथेच फाडला आणि दुसरा लिहून टपालाने धाडला : 'सोमवारच्या अंकातील पारनेरच्या बातमीत दिनांक २० ऐवजी २१ असे वाचावे.' सतरा वर्षांतली पहिली दुरुस्ती, आणि ती मी मान वर करून पाठवली.

बुधवारी संपादकांचा ट्रंक कॉल आला. आवाज थंड होता. "तुमच्या दुरुस्तीप्रमाणे कार्यक्रम एकवीस तारखेला संध्याकाळी झाला. त्याची बातमी आपल्या अंकात एकवीस तारखेला सकाळी छापून आली. याचा खुलासा करा."

"साहेब," मी म्हणालो, "आमच्याकडून बातमी वेळेवर निघाली होती. घटनाच एक दिवस उशिरा आली."